तपासणीत साथीचा आजार निघाला, तर माहिती कुणाकडं जाते?
आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर

डेंगी, कावीळ किंवा टीबीचा रिपोर्ट हातात पडला की काउंटरवर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "आमचं नाव महापालिकेला कळवणार काय?" ठरावीक आजारांत हो, कळवतो. ते लॅबच्या मर्जीवर नसतं. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, वेगळा अर्जही लागत नाही. मात्र तुम्ही काउंटरवर सांगितलेला पत्ता आणि तारीख चुकली, तर कळवूनही उपयोग होत नाही. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे.

कोण कुणाला कळवतं

देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. त्यात तीन ठिकाणांहून माहिती येते. गावात आशाताई किंवा आरोग्यसेविका लक्षणांवरून नोंद करतात, तो 'एस' फॉर्म. डॉक्टर रुग्ण तपासून संशयित आजार कळवतात, तो 'पी' फॉर्म. लॅबमध्ये जे सापडतं त्याचा 'एल' फॉर्म, आणि तो आमच्याकडं. पूर्वी सोमवार ते रविवार अशी आठवड्याची बेरीज जायची. २०२१ च्या एप्रिलपासून ही नोंद सरकारी पोर्टलवर एकेका रुग्णाची, नाव-पत्त्यासह होते.

एल फॉर्ममध्ये डेंगी, चिकुनगुन्या, मेंदूज्वर, हिवताप, टायफॉइड, घटसर्प, कॉलरा, शिगेलाची रक्ती हगवण, हेपॅटायटिस ए व इ आणि लेप्टोस्पायरोसिस हे आजार येतात. टीबीची वाट वेगळी आहे, ती पुढं दिली आहे. शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल असल्या रिपोर्टांचा या व्यवस्थेशी काही संबंध नाही.

डॉक्टरांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. पण २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतच अशा आजारांचा अपवाद केला आहे. आरोग्य यंत्रणेला तात्काळ कळवायचं, असं त्यात स्पष्ट आहे. आरोग्य यंत्रणा म्हणजे शेजारी, घरमालक किंवा कंपनीचा एचआर नव्हे. त्यांना आम्ही काहीही सांगत नाही. नातेवाइकाने फोनवर रिपोर्ट विचारला तरी तुमच्या संमतीशिवाय देत नाही.

पत्ता : सगळ्यात जास्त चुका इथंच होतात

डेंगीची नोंद गेली की कर्मचारी त्या घरी आणि आजूबाजूच्या घरांत येतात. बॅरल, कुंड्या, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर पाहतात, अळ्या सापडल्या की पाणी ओततात किंवा औषध टाकतात. डेंगीचा डास फार लांब उडत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पत्ता शोधण्यात आठवडा गेला तर डासांची नवी पिढी उडून गेलेली असते.

"राजारामपुरी, कोल्हापूर" एवढ्या पत्त्यावर कुणी पोहोचू शकत नाही. गल्ली, घर किंवा अपार्टमेंटचं नाव, जवळची खूण आणि पिनकोड एवढं सांगाच. शिवाजी पेठेत तालमीचं नाव सांगितलंत तरी चालतं, तिथं ते पिनकोडपेक्षा लवकर कळतं.

हद्दीचाही घोळ होतो. शहरातली नोंद महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं जाते. करवीर तालुक्यातल्या गावांची जिल्हा परिषदेच्या यंत्रणेकडं, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडं. इचलकरंजीला २०२२ पासून स्वतःची महापालिका आहे. शहराला लागून असलेल्या ग्रामपंचायतींतली माणसं सवयीनं "कोल्हापूर" सांगतात. मग कागद आधी महापालिकेत जातो आणि तिथून "आमच्या हद्दीत नाही" म्हणून फिरतो.

आधारवरचा पत्ता देऊ नका. गेले पंधरा दिवस जिथं झोपलात तो द्या. विद्यापीठाच्या परिसरात खोली घेऊन राहणारा मुलगा गडहिंग्लजचा पत्ता देतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला कामगार थेट आपल्या राज्यातला पत्ता देतो. फवारणी तिकडं होते आणि डास इथंच राहतात. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून कामाचं ठिकाणही सांगा. आम्ही तो रकाना मुद्दाम ठेवला आहे.

मोबाईल नंबर रुग्णाचा किंवा घरातल्या माणसाचा हवा. डॉक्टर आणि लॅब दोघांकडून एकाच रुग्णाची नोंद गेली तर ती नाव आणि नंबरवरूनच जुळते. रक्त घ्यायला घरी येणाऱ्या मुलाचा किंवा रिक्षावाल्या मामांचा नंबर लिहिला, तर एका रुग्णाचे दोन होतात.

ताप कधी आला?

रक्त कधी दिलं ते आम्हाला माहीत असतंच. साथ शोधायला लागते ती आजार सुरू झाल्याची तारीख. डेंगीत डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. हेपॅटायटिस इ मध्ये दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला २ ते १० आठवडे. म्हणून काविळीच्या रुग्णाला आम्ही मागच्या दोन महिन्यांतलं विचारतो : कुठं राहिलात, कुठलं पाणी प्यालात, लग्न-जत्रेत जेवलात काय. प्रश्न विचित्र वाटतात, पण फुटलेली पाईपलाईन याच उत्तरांतून सापडते.

डेंगी : कार्ड आणि एलायझा

"लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, महापालिका म्हणते डेंगीच नाही", ही तक्रार दर पावसाळ्यात येते. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. अर्ध्या तासात होणाऱ्या कार्ड टेस्टला सरकारी कार्यक्रम संशयित रुग्ण मानतो. एलायझा या लॅबमधल्या पद्धतीनं एनएस-१ (डेंगीच्या विषाणूचा अंश) किंवा आयजीएम (शरीरानं तयार केलेली अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलं तरच पक्का रुग्ण. एनएस-१ तापाच्या पहिल्या ५ दिवसांत उपयोगी. त्यानंतर ते निगेटिव्ह येऊ शकतं, तेव्हा आयजीएम करायचं. आयजीएम दोन-तीन महिनेही टिकतं, त्यामुळं जुना डेंगी आजच्या तापाच्या नावावर चढू शकतो. नुसत्या कमी प्लेटलेटवरून आम्ही डेंगी कळवत नाही. प्लेटलेट इतर अनेक तापांतही उतरतात.

शंका असेल तर आम्ही नमुन्याचा भाग सरकारी तपासणीसाठी राखून ठेवतो. डॉक्टरांनी सुरू केलेले उपचार त्या निकालासाठी थांबवायचे नाहीत.

कावीळ

२०१२ साली इचलकरंजीत हेपॅटायटिस इ ची मोठी साथ पाण्यातून पसरली होती, ती अनेकांना आठवत असेल. रक्तातलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, वाढलं म्हणजे कावीळ आहे एवढंच कळतं. ती कशामुळं आहे ते कळत नाही. हेपॅटायटिस ए आणि इ चं आयजीएम केलं तरच कळवण्याजोगं निदान होतं. घरात गरोदर बाई असेल तर या चाचणीत काटकसर करू नका. शेवटच्या तीन महिन्यांत हेपॅटायटिस इ जिवावर बेततो.

गल्लीत दोन-तीन जण पिवळे दिसले तर लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता महापालिकेच्या विभागीय कार्यालयात किंवा आरोग्य केंद्रात सांगा. ते नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (क्लोरीन मोजण्याची चाचणी) करतात. शेवटच्या नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. तेवढं नसेल तर पाण्यात दोष असू शकतो. महापुरानंतर ही टेस्ट आवर्जून करून घ्या. २०१९ आणि २०२१ सारखं पंचगंगेचं पाणी घरात शिरून गेल्यावर ताप आला आणि पिंढऱ्या ठणकू लागल्या, तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात चाललो होतो" असं आपणहून सांगा. लेप्टोची तपासणी तेव्हाच सुचते.

टीबी

टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवणं ७ मे २०१२ पासून बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनंतर न कळवणाऱ्या डॉक्टर, लॅब आणि औषध दुकानांवर फौजदारी कारवाई होऊ शकते. त्या कारवाईची कलमं आता भारतीय न्याय संहितेत २७१ आणि २७२ आहेत. शिक्षा अनुक्रमे सहा महिने आणि दोन वर्षांपर्यंत. नोंद टीबीच्या सरकारी 'निक्षय' पोर्टलवर होते आणि तुम्हाला निक्षय आयडी मिळतो. तो जपून ठेवा. गाव किंवा डॉक्टर बदलला तरी तोच चालतो. दुसऱ्या लॅबमध्ये तो सांगितला नाही तर नवा आयडी तयार होतो आणि पैसे अडकतात.

हे पैसे निक्षय पोषण योजनेचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये, थेट बँक खात्यात. खासगी डॉक्टरांकडं उपचार घेणाऱ्यांनाही ते मिळतात. खात्याला आधार जोडलेलं नसणं हे पैसे न येण्याचं नेहमीचं कारण. घरातल्या इतरांची, विशेषतः ५ वर्षांखालच्या मुलांची तपासणीही होते. त्याला नाही म्हणू नका.

मँटू टेस्ट (हातावरच्या इंजेक्शनची) उठली म्हणून आम्ही टीबी कळवत नाही. त्यातून फक्त जंतूंशी संबंध आल्याचं दिसतं. आणि टीबीसाठी रक्तातल्या अँटीबॉडीची जी चाचणी पूर्वी सर्रास व्हायची, तिच्यावर देशात २०१२ पासून बंदी आहे. कुणी सुचवली तरी आमच्याकडं होणार नाही. बेडका मात्र नीट द्या. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, छातीतून खोकून काढलेला, किमान २ मिलिलिटर. थुंकी दिली की निगेटिव्ह रिपोर्ट येतो आणि खरा टीबी महिनाभर लपून राहतो.

एचआयव्हीचं वेगळं आहे

२०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी नाही आणि ओळखही उघड करता येत नाही. नावानिशी यादी वर सांगितलेल्या पोर्टलवर जात नाही. हा रिपोर्ट फक्त रुग्णाच्या हातात देतो, व्हॉट्सअॅपवर पाठवत नाही.

टायफॉइडबद्दल थोडं

टायफॉइडच्या अँटीबॉडी पाहणाऱ्या एकट्या विडाल टेस्टवर आमचा विश्वास कमी आहे. आपल्याकडं निरोगी माणसाचीही ती थोडीफार वाढलेली दिसते. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर दिलंत तर निदान पक्कं होतं. मोठ्या माणसाचं एका बाटलीला ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं. कमी घेतलं तर जंतू हुकतात. निकालाला काही दिवस लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

कर्मचारी आले किंवा फोन आला तर

ते नाव, लक्षणं, प्रवास आणि घरातली माणसं विचारतील. टीबीसाठी बँक पासबुकही मागतील. एटीएमचा पिन किंवा फवारणीचे पैसे कुणीही मागत नाही. मागितले तर फोन ठेवा आणि आरोग्य विभागात विचारा. नोंदीत पत्ता चुकला असं लक्षात आलं तर रिपोर्टवरचा नमुना क्रमांक घेऊन आमच्याकडं या. दुरुस्ती आम्हीच पाठवतो, जितक्या लवकर याल तितकं बरं.

आमच्याकडं न येता थेट जायचं, असं एक कारण

१५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर रक्त तपासण्यात वेळ घालवू नका. थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. पोलिओ नाही ना, हे पाहण्यासाठी लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने बर्फात ठेवून सरकारी प्रयोगशाळेला पाठवावे लागतात. हे काम खासगी लॅबचं नाही. पडल्यामुळं किंवा इंजेक्शनमुळं झालं असेल असं वाटलं, तरी न्या.