स्वतःची शिदोरी बाळगणाऱ्या पेशी

उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशी मऊ अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, बशीत नुसत्या ठेवल्या, तर काही दिवसांत मरून जातात. योग्य संप्रेरक घातलं, की आठवड्याभरात एकेका पेशीपासून शेकडो पेशींची वसाहत उभी राहते. १९६०च्या दशकाच्या मध्यात मेलबर्नमध्ये रे ब्रॅडली आणि डोनाल्ड मेटकाफ यांना हे दिसलं. त्याच सुमारास इस्राएलमध्ये लिओ सॅक्स आणि प्लुझनिक यांनाही. या संप्रेरकांना पुढे जी-सीएसएफ, जीएम-सीएसएफ, इंटरल्युकिन-३ अशी रुक्ष नावं मिळाली.

पांढऱ्या पेशी वाढवणारी ही द्रव्यं जास्त झाली तर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होईल, ही शंका साहजिकच होती. १९८९च्या सुमारास विषाणूच्या पाठीवर बसवून जीएम-सीएसएफचं जनुक उंदरांच्या मज्जेत घातलं गेलं. उंदीर मेले, त्यांचे अवयव पांढऱ्या पेशींनी भरून गेले. पण त्याच पेशी दुसऱ्या उंदराला टोचल्या, तर तिथे काही रुजलं नाही. म्हणजे वाढ बेसुमार होती, कर्करोग नव्हता.

मग कमी काय पडत होतं? उत्तर मेलबर्नच्याच, उंदराच्या एका जुन्या ल्युकेमियात होतं. ‘वेही-३बी’ नावाच्या या पेशींच्या डीएनएतला एक भटका तुकडा इंटरल्युकिन-३च्या जनुकाशेजारी जाऊन बसला होता. परिणामी पेशी स्वतःचं खाद्य स्वतःच बनवत होती. तसाच दुसरा तुकडा एका हॉक्स जनुकापाशी सापडला. पेशी कधी प्रौढ होणार, हे ठरवण्यात अशा जनुकांचा हात असतो. १९९०मध्ये हे दोन्ही बिघाड निरोगी मज्जेत एकत्र घडवून पाहिले, तेव्हा उंदरांना झपाट्याने खराखुरा ल्युकेमिया झाला. शिदोरी हाताशी होतीच, वर मोठं होणंही थांबलं होतं.

मला स्वतःला मात्र वेही-३बी पेशींचाच दुसरा प्रयोग जास्त चकित करतो. अगारमध्ये त्यांची वसाहत सूक्ष्मदर्शकाखाली घट्ट, गच्च गोळ्यासारखी दिसते. त्यात जी-सीएसएफ घाला. हेही वाढीचंच संप्रेरक, तेव्हा गोळा आणखी फुगेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याच्या कडा विरतात आणि भोवती सुट्या पेशींचं विरळ वलय पसरतं. या पेशी प्रौढ होऊन चालू लागलेल्या असतात, आणि प्रौढ झालेली पेशी पुन्हा विभागत नाही.