जागच्या जागी उडणारं विमान

वैमानिक जमिनीवरच सराव करतात त्या सिम्युलेटरवर रात्री दोनचा स्लॉट मिळाला होता. दिवसा ही यंत्रं एअरलाइनच्या वैमानिकांसाठी राखलेली असतात, हौशी माणसाच्या वाट्याला उरलेसुरले तास येतात. ओळखीच्या एका निवृत्त कॅप्टननी खटपट केली म्हणून तेवढं तरी जमलं. आधीची जोडी अजून आत होती, म्हणून मी गॅलरीत उभं राहून बघत होतो. दुमजली घराएवढ्या उंच हॉलमध्ये सहा तिरक्या पायांवर एक मोठा पांढरा डबा उभा. त्याला खिडकी नाही. आतले दोघं त्या क्षणी ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे धावत टेकऑफ घेत होते. बाहेरून दिसत होतं ते एवढंच, की डबा जेवण झालेल्या माणसासारखा सावकाश मागे रेलला. मग त्यानं एक हिसका दिला, पुढे झुकला आणि हळूहळू सरळ झाला.

"टेकऑफ सोडून दिला त्यांनी, ब्रेक मारले," कॅप्टन म्हणाले. "आता चेकलिस्ट चालली असेल."

माझ्या लॉगबुकात सेसना 172 या छोट्या विमानाचे 58 तास आहेत. खासगी परवाना घेतलेल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न घर करून असतो: मोठं जेट मला उडवता येईल का? आपल्याकडे खासगी परवान्याला किमान 40 तासांचं उड्डाण लागतं, व्यावसायिक परवान्याला 200. त्यानंतर ज्या जातीचं विमान चालवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग. हे सगळं करून बहुतेक लोक नोकरीच धरतात. हौसेखातर मोठं विमान चालवणारे फार थोडे, आणि ते जरा वेगळ्याच पंगतीतले असतात.

उदाहरणार्थ, नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर. के. एल. एम.च्या सिटीहॉपर कंपनीत ते 21 वर्षं महिन्यातून साधारण दोनदा फोकर 70 विमानाचे सहवैमानिक म्हणून बसत होते, हे त्यांनीच 2017 मध्ये एका वर्तमानपत्राला सांगितलं. प्रवाशांचं स्वागत करताना 'कॅप्टन आणि कर्मचाऱ्यांच्या वतीनं' असं म्हटलं की आपलं नाव सांगावं लागत नाही, अशी त्यांची पळवाट होती. पुढे फोकर सेवेतून जाणार म्हणून त्यांनी बोइंग 737 शिकायला घेतलं. दुसरे अभिनेते जॉन ट्रॅव्होल्टा, ज्यांच्याकडे पूर्वी क्वांटासचं असलेलं बोइंग 707 होतं. अमेरिकेत खासगी परवान्यावरही मोठ्या जेटचं टाइप रेटिंग घेता येतं, फक्त भाड्यानं प्रवासी नेता येत नाहीत. म्हणजे कायदा आडवा येत नाही, इंधनाचं बिल येतं.

आपल्यासारख्यांसाठी उरतो तो हा पांढरा डबा. ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्सा यांच्यासारख्या कंपन्यांनी आपल्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरांचे तास सर्वसामान्यांनाही विकले आहेत. मॉलमधल्या तीन पडद्यांच्या खुर्चीत आणि यात फरक आहे. सर्वोच्च दर्जाचा, म्हणजे 'लेव्हल डी'चा सिम्युलेटर विमानाच्या इतका जवळ जातो की युरोपात अनुभवी वैमानिकाला नव्या जातीचं विमान केवळ त्यावर शिकता येतं. त्याचं त्या विमानातलं पहिलं खरं उड्डाण प्रवाशांना घेऊनच होतं, शेजारी प्रशिक्षक बसवून. मागे बसलेल्यांना याची गंधवार्ताही नसते.

आमची पाळी आली. छोट्या पुलावरून आत गेलो, पूल मागे उचलला गेला, दार बंद झालं. आत एअरबस ए-320 चं कॉकपिट, सीटच्या कडा झिजलेल्या. बाहेर मुंबई. धावपट्टी 27 कडे निघालेलं विमान, पलीकडे अंधारात समुद्र.

पहिलं लँडिंग कसं झालं ते सांगायला नको, पण का तसं झालं ते सांगण्यासारखं आहे. उतरताना सेसनाचं वजन साधारण 1,100 किलो, वेग 60 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर). ए-320 चं वजन 66 टनांपर्यंत, वेग 135 नॉटच्या आसपास. वजन साठ पट, वेग सव्वादोन पट. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाबरोबर वाढते, त्यामुळे हिशेब जातो तीनशे पटींवर. सेसनात चूक झाली की नाक जरा खाली करायचं, जरा पॉवर द्यायची, विमान लगेच ऐकतं. इथे थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलला तरी मोठं जेट इंजिन मंद गतीवरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद घेतं. तेवढ्यात तुम्ही चार-पाचशे मीटर पुढे गेलेले असता. मी पॉवर दिली, काही होईना म्हणून आणखी दिली, आणि मग दोन्ही एकदम आली. बैलगाडी हाकणाऱ्यानं मालगाडी हातात घ्यावी तसं ते होतं.

शेवटचे पन्नास फूट तर अवघे चार सेकंदांचे. तीन अंशांच्या उतारावर या वेगानं विमान सेकंदाला साधारण साडेतीन मीटर खाली येत असतं. जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचा आवाज मोजत जातो: फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड. शेवटचा शब्द शिवी नाही, पॉवर काढून घ्या ही आठवण आहे. दोन शब्दांमधला वेळ बघून अनुभवी वैमानिक नाक कधी उचलायचं ते ठरवतो. मी डोळ्यांवर गेलो आणि फसलो. सेसनात माझे डोळे जमिनीपासून माणसाच्या उंचीवर असतात. जेटमध्ये तुम्ही वरच्या मजल्यावर बसलेले असता आणि मुख्य चाकं तुमच्या बरीच मागे असतात. बोइंग 747 मध्ये तर विमान जमिनीवर उभं असतानाही वैमानिकाचे डोळे 29 फुटांवर. मला वाटलं अजून वेळ आहे. आदळलो. मोठ्या विमानांचं लँडिंग गिअर सेकंदाला दहा फुटांच्या वेगानं आदळणं सहन करील असं बनवलेलं असतं. मी त्याच्या पलीकडे गेलो होतो.

न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना विमान उतरवणाऱ्या वैमानिकांची जेमतेम चार मिनिटांची फिल्म दाखवली. त्यात वैमानिकांचे हात नेमकं काय करतात हेही दिसत नव्हतं. तरी ती बघितलेल्यांचा 'वेळ आली तर मीही उतरवू शकेन' हा विश्वास वाढला. मी त्यांना हसणार नाही. माझ्याकडे तर 58 तास होते.

आता त्या रेलणाऱ्या डब्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

सिम्युलेटरचा जन्म ऑर्गनच्या कारखान्यात झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता. तिथल्या हवेच्या भात्यांवर एडविननं 1929 च्या सुमारास एक बुटकं विमान डोलवलं. सुरुवातीला ते घेतलं मनोरंजन उद्यानांनी. 1934 मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम पडलं, आणि खराब हवेत काही आठवड्यांतच बरेच जण मेले, तेव्हा सैन्यानं सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. आजच्या सहा पायांच्या रचनेला स्ट्यूअर्ट प्लॅटफॉर्म म्हणतात, 1965 मधल्या एका शोधनिबंधामुळे. खरं तर तशीच रचना त्याआधी टायर तपासायला वापरात होती. सहा पाय वेगवेगळे लांब-आखूड करून डबा पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवता येतो आणि तिन्ही दिशांनी कलवता येतो.

पण हे पाय काही फूटच लांबतात. टेकऑफला विमान अर्धं मिनिट सतत वेग घेत राहतं. तो दाब डब्यात कुठून आणायचा?

आपल्या आतल्या कानात जेलीसारख्या थरावर चुन्याचे बारीक खडे असतात. वेग वाढला की खडे मागे राहतात, जेली ताणली जाते, मेंदूला कळतं की आपण पुढे निघालो. अडचण अशी की मान मागे कलवली तरी खडे तसेच मागे ओढले जातात. आइन्स्टाइननं 1907 मध्ये ओळखलेलीच ही गोष्ट: गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांत, बंद खोलीतल्या माणसाला, फरक करता येत नाही. कानालाही येत नाही. धावपट्टीवर प्रवासी जेट साधारण गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या त्वरणानं पळतं. डबा अकरा अंश मागे कलवला की पृथ्वीच्या ओढीचा जवळपास तेवढाच हिस्सा पाठ सीटमध्ये दाबू लागतो. पडद्यावर क्षितिज सपाट ठेवलं की काम झालं. डोळे सांगतात आपण सपाट आहोत, खडे सांगतात मागे ओढ आहे, आणि मेंदू निकाल देतो: वेग वाढतोय.

एक धोका मात्र आहे. कलताना पकडलं गेलं तर सगळा खेळ उघडा पडतो. कलणं ओळखायला कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांतला द्रव डोकं फिरलं की मागे रेंगाळतो. पण फिरणं सेकंदाला दोन-तीन अंशांहून हळू असेल तर त्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून सिम्युलेटर आधी एक खराखुरा झटका पुढे देतो, आणि तो विरायच्या आत चोरपावलांनी मागे कलतो. गॅलरीतून मी जे आळसावणं बघितलं, ते हे चोरपाऊल होतं.

खऱ्या विमानात हाच आंधळेपणा जीव घेतो. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे बोइंग 747 मुंबईहून दुबईला निघालं. किनारा ओलांडून विमान उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनच्या समोरचं क्षितिज दाखवणारं उपकरण उजवीकडे कललेलंच राहिलं. ते बघून त्यांनी विमान डावीकडे कलवलं, आणि कलवतच गेले. बाहेर काळा समुद्र, काळं आकाश, क्षितिज नाही. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कोसळलं. 213 जण गेले. शरीरानं त्यांना सावध करायला हवं होतं असं आपल्याला वाटतं, पण वळणाऱ्या विमानात वजन नेहमीसारखं पायांखालीच जाणवत राहतं.

आमच्या तासातली शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा कॅप्टननी विमान स्वतःकडे घेतलं. समुद्रावर, सहा हजार फुटांवर.

"डोळे मिटा. मान हलवू नका."

मिटले. इंजिनांचा आवाज एकसारखा, एसीचा गारवा, बाकी काही नाही. मिनिटभर गेलं असेल.

"विमान कसं आहे?"

"सरळ. सपाट."

"उघडा."

समोरच्या पडद्यावर विमान तीस अंश डावीकडे कललेलं होतं, नाक खाली, उंचीचे आकडे भराभर उतरत होते. मी दांडीला हात घातला आणि घाईत आधी नाकच वर ओढलं. ते चुकीचं आहे, आधी पंख सरळ करायचे असतात. कॅप्टननी माझा हात बाजूला केला.

बाहेर पडताना पुलावर थांबून त्यांना विचारलं, की तेव्हा हा डबा किती कलला होता.

"अजिबात नाही," ते म्हणाले. "वळणात वजन खालीच जातं ना, मग डबा कशाला कलवायचा? तो सरळच उभा होता. तुम्ही बरोबर सांगितलंत."