देवराईचे छायाचित्रण

देवाच्या नावाने राखलेल्या रानातील झाडे, वेली, पडझड आणि पाचोळा, माणसाचा हात न लागलेल्या अवस्थेत टिपण्याची निसर्गछायाचित्रणातील एक वाट. घाटमाथ्यावर आणि कोकणात शिरकाई, काळकाई, वाघजाई, भैरी अशा देवतांच्या नावाने अनेक गावांनी अशी राने सांभाळली आहेत. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केल्यानंतर अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले.

देवराईत कुऱ्हाड चालत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पडलेले लाकूड किंवा वाळका काटकाही घरी न्यायचा नाही, हा कित्येक गावांतील दंडक छायाचित्रकाराच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. उन्मळलेले झाड पडल्या जागीच कुजते, त्यावर शेवाळ, बुरशी आणि नेचे चढतात, वाळवी व भुंगेरे ते पोखरतात, आणि उभ्या वठलेल्या खोडांच्या ढोलीत पक्षी घरटी करतात. गारंबीची माणसाच्या मांडीएवढी जाड वेल या झाडावरून त्या झाडावर पिळे घेत जाते आणि तिच्या शेंगा मीटरभराहूनही लांब होतात. रांगेत लावलेल्या सागाच्या रोपवनात हे काहीच दिसत नाही. असे रान प्रथमदर्शनी गबाळे वाटते. तो गबाळेपणा म्हणजेच तेथील जगण्या-मरण्याचा चालू व्यवहार होय.

अशा पसाऱ्याला चित्रविषय म्हणून प्रतिष्ठा देणाऱ्यांत अमेरिकन छायाचित्रकार एलियट पोर्टर (१९०१–९०) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या पोर्टर यांनी भव्य शिखरे आणि क्षितिजे बाजूला ठेवून झुडपांची गुंतवळ, गळालेली पाने आणि खोडांच्या साली रंगीत छायाचित्रांत आणल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७९ मध्ये त्यांच्या अशाच छायाचित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले होते. देवराईतही आकाश चौकटीबाहेर ठेवणे बहुधा हितावह ठरते, कारण फांद्यांमधून डोकावणारा पांढरा तुकडा नजर पळवतो.

भर उन्हात पानांतून गळणारे कवडसे आणि दाट सावली यांतील तफावत कॅमेऱ्याला पेलत नाही. म्हणून ढगाळ दिवस, त्यातही पावसाळ्यातील धुके, या कामाला सर्वांत सोयीचे. धुक्यामुळे मागची खोडे फिकी होऊन पुढचे झाड आपोआप सुटे दिसते. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते, पण त्यामुळे प्रकाशही घटतो, आणि आधीच अंधाऱ्या रानात ट्रायपॉडवाचून निभाव लागत नाही. चौकटीत आडवी आलेली डहाळी मोडणे किंवा पाचोळा झाडून ‘स्वच्छ’ करणे, ही बाहेरून येणाऱ्यांची खोड मात्र या छायाचित्रणाचा हेतूच मारून टाकते. शिवाय देवाच्या रानात ती गावकऱ्यांना खपतही नाही. मूर्तीचे छायाचित्र काढण्यापूर्वीही पुजाऱ्याला किंवा गावातील जाणत्यांना विचारण्याची रीत पाळावी.

पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या लाकडावरील काही बुरशी रात्री हिरवट प्रकाश देते. ती टिपण्यासाठी अमावास्येच्या आसपासची रात्र निवडून, सोबतच्यांच्या विजेऱ्या बंद करवून, कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागते. नुसत्या डोळ्यांना तो प्रकाश फिकट पांढुरका भासतो, त्याचा हिरवा रंग छायाचित्रातच ठळक उतरतो.