तातडीची अँजिओप्लास्टी

हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात बंद पडलेली हृदयधमनी कॅथेटरने, म्हणजे लांब, लवचिक आणि पोकळ नळीच्या मदतीने, आतून उघडण्याच्या उपचाराला तातडीची अँजिओप्लास्टी म्हणतात. डॉक्टरांमध्ये 'प्रायमरी अँजिओप्लास्टी' हे नाव रूढ आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध आधी न देता पहिलाच उपचार म्हणून केलेली, म्हणून ती 'प्रायमरी'. यात छाती उघडावी लागत नाही आणि सहसा पूर्ण भूलही द्यावी लागत नाही. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून नळी हृदयापर्यंत नेली जाते आणि रुग्ण बहुधा जागा असतो.

धमनी हळूहळू अरुंद होत गेलेल्या रुग्णावर तारीख ठरवून केली जाणारी अँजिओप्लास्टी वेगळी. हत्यारे तीच, हात तेच, पण हेतू निराळा. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीचा मुख्य फायदा म्हणजे चालताना, जिने चढताना छातीत होणारे दुखणे कमी होते. झटक्यातली अँजिओप्लास्टी हृदयाचा स्नायू वाचवते आणि त्यामुळे जीव वाचवते. बोलताना या दोहोंची सर्रास गल्लत होते. मग एकीकडे नको तिथे घाई होते आणि दुसरीकडे, जिथे एकेक मिनिट मोलाचे असते तिथे, 'उद्या सकाळी बघू' म्हटले जाते. दुसरी चूक कितीतरी महाग पडते.

झटक्यात काय घडते : हृदयधमनीच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबीयुक्त थर साचत जातो. त्यावरचा पातळ पापुद्रा एके दिवशी फाटतो. आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येताच प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, तिथे चिकटू लागतात, त्यांच्याभोवती फायब्रिन या चिवट प्रथिनाचे जाळे विणले जाते आणि काही मिनिटांत धमनीचा मार्ग बुजतो. फाटणारा थर आधीपासून मोठा अडथळा करत असेलच असे नाही. महिन्याभरापूर्वीची तपासणी ठीक निघालेल्या माणसालाही झटका येतो, त्याचे एक कारण हेच.

रक्त थांबले की पुढचा स्नायू लगेच मरत नाही. पहिली साधारण वीस मिनिटे पेशी तग धरतात. त्यानंतर मरण सुरू होते ते हृदयाच्या भिंतीच्या आतल्या थरापासून, आणि लाटेसारखे बाहेरच्या थराकडे सरकत जाते. रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी 1977 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून ही लाट दाखवून दिली. धमनी चाळीस मिनिटांत मोकळी केली तर बराचसा स्नायू वाचतो. सहा तासांनंतर वाचवण्यासारखे फारसे उरत नाही. माणसात शेजारच्या धमन्यांकडून थोडेफार रक्त मिळत असेल, तर ही मुदत काहीशी लांबते. तातडीच्या अँजिओप्लास्टीचे सारे नियम, सारी धावपळ या लाटेच्या गतीवर बेतलेली आहे.

गुठळीमुळे झटका येतो की झटक्यानंतर गुठळी होते, हा वाद विसाव्या शतकात बराच काळ चालला. शवविच्छेदनात गुठळी कधी दिसे, कधी दिसत नसे. झटका चालू असताना धमनीत नळी घालून पाहणे धोक्याचे मानले जाई. अमेरिकेतील डीवूड आणि सहकाऱ्यांनी ते धाडस केले आणि 1980 मध्ये निष्कर्ष मांडले. लक्षणे सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या 126 रुग्णांपैकी 110 जणांची धमनी पूर्ण बंद होती. उशिरा तपासलेल्यांमध्ये हे प्रमाण कमी होत गेले, कारण काहींची गुठळी आपोआप विरघळली होती. झटक्याच्या मुळाशी गुठळी आहे हे स्पष्ट झाले आणि उपचाराची दिशाही.

पूर्वपीठिका : 1929 मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून 65 सेंटिमीटर नळी आत सारली, चालत क्ष-किरण विभागात जाऊन तिचे टोक हृदयात पोहोचल्याचे चित्र काढून घेतले. 1956 च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. 1958 मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका तरुण रुग्णाची महाधमनी तपासत असताना नळीचे टोक चुकून उजव्या हृदयधमनीत शिरले आणि डाय, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य, थेट तिच्यात गेला. असे झाले तर हृदय थरथरून बंद पडेल, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. हृदय काही सेकंद थांबलेही. सोन्सने रुग्णाला खोकायला सांगितले, तो खोकला आणि ठोके पूर्ववत झाले. त्या काही सेकंदांतून हृदयधमन्यांची निवडक अँजिओग्राफी, म्हणजे एकेका धमनीत डाय सोडून तिचे चित्र घेणे, जन्माला आली.

नळी नुसती पाहण्यासाठी नाही, दुरुस्तीसाठीही वापरता येते हे चार्ल्स डॉटर यांनी 1964 मध्ये पोर्टलंड इथे दाखवले. पाय कापायला नकार देणाऱ्या एका वृद्धेच्या पायाची धमनी त्यांनी आतून रुंद केली. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी त्यावर फुग्याची जोड दिली. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात बसून घडवले होते. 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिच इथे 38 वर्षांच्या रुग्णावर त्यांनी हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. ती मात्र झटक्यात नव्हती. झटका चालू असताना थेट फुगा वापरण्याचे काम 1980 च्या दशकाच्या आरंभी जेफ्री हार्टझलर यांनी कॅन्सस सिटीत पुढे नेले.

त्याच दशकात गुठळी विरघळवणाऱ्या औषधांनी बाजी मारली होती. 1986 च्या इटालियन 'जिसी' चाचणीने स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यू कमी होतात हे दाखवले. 1988 च्या 'आयसिस-2' मध्ये साध्या ॲस्पिरिननेही प्राण वाचतात हे दिसले आणि दोन्ही मिळून दिली तर लाभ आणखी वाढतो हेही. शिरेतून देता येणारे औषध असताना रात्री-अपरात्री कॅथलॅब, म्हणजे नळीच्या उपचारांची क्ष-किरण खोली, उघडायची कशाला, असा प्रश्न होता. त्याचे उत्तर 1993 पासून मिळू लागले. 2003 मध्ये 23 चाचण्यांतील 7,739 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. अल्पकाळातील मृत्यू औषध मिळालेल्यांत सुमारे 9 टक्के, तर तातडीच्या अँजिओप्लास्टीनंतर सुमारे 7 टक्के होते. पुन्हा झटका येणे आणि मेंदूत रक्तस्राव होणे हेही कमी होते.

प्रत्यक्ष प्रक्रिया : निदान ईसीजीवर होते. विशिष्ट आलेखांत ठोक्याच्या रेषेतला एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसला आणि लक्षणे जुळली, तर रक्ततपासणीच्या अहवालासाठी थांबायचे नसते. ॲस्पिरिन आणि प्लेटलेट्सना रोखणारे दुसरे औषध दिले जाते, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन दिले जाते आणि रुग्ण कॅथलॅबच्या टेबलावर येतो.

मनगटाजवळ, जिथे नाडी पाहतात तिथेच, त्वचा बधिर करून सुई घातली जाते. पूर्वी जांघेचा मार्ग सर्रास वापरत. मनगटातून गेल्यास रक्तस्राव कमी होतो हे सिद्ध झाल्यापासून तोच पहिली पसंती आहे. साधारण दोन मिलिमीटर जाडीची नळी महाधमनीतून हृदयधमनीच्या तोंडाशी टेकते. डाय सोडला की पडद्यावर धमनी काळ्या फांदीसारखी उमटते आणि एका ठिकाणी छाटल्यासारखी संपते. त्यापुढे कोरी जागा. तीच झटक्याची जागा.

आता वायर. तिची जाडी 0.36 मिलिमीटर, टोक मऊ आणि किंचित वाकवलेले. डॉक्टर ती दोन बोटांच्या चिमटीत फिरवत पुढे सरकवतात. ताजी गुठळी मऊ असल्याने वायर सहसा अलगद पार होते, आणि कित्येकदा एवढ्यानेच रक्ताची बारीक धार पुढे वाहू लागते. वायरवरून फुगा नेतात. त्यात हवा नसते, डाय मिसळलेले सलाइन असते: एक तर तो पडद्यावर दिसावा म्हणून, आणि दुसरे म्हणजे फुटलाच तर हवेचा बुडबुडा धमनीत जाऊ नये म्हणून. मग जाळीदार धातूची नळी, म्हणजे स्टेंट, फुग्यावर चढवलेल्या स्थितीत नेऊन फुगवली जाते. फुगा मिटवून बाहेर काढला की स्टेंट भिंतीला टेकून जागीच राहतो. 1986 मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये माणसाच्या हृदयधमनीत पहिले स्टेंट बसले. आजचे स्टेंट बहुधा औषधाचा लेप असलेले असतात, त्यामुळे आत पेशी वाढून धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण घटले.

रक्त परत वाहू लागण्याचा क्षण टेबलाभोवतीच्या सर्वांच्या लक्षात येतो. मघाची कोरी जागा भरते. मॉनिटरवर वेडेवाकडे ठोके उमटू लागतात. उजवी धमनी उघडली असेल तर नाडी एकदम मंदावते, रक्तदाब उतरतो, आणि नाडी वाढवणाऱ्या ॲट्रोपिनची सिरिंज आधीच भरून ठेवलेली असते. छातीवरचे ओझे उतरल्याचे कित्येक रुग्ण तिथेच सांगतात.

वेळेचे गणित : प्रक्रियेचा हा भाग बहुतेक वेळा तासाभरात आटोपतो. खरा वेळ जातो तो त्याआधी. दुखणे पित्ताचे आहे असे समजून घरी थांबण्यात, योग्य रुग्णालय शोधण्यात, ईसीजीला उशीर होण्यात, संमतीच्या सहीसाठी नातेवाइकांची वाट पाहण्यात. म्हणून मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक टप्प्याला मुदत घातलेली आहे. पहिल्या वैद्यकीय भेटीपासून दहा मिनिटांत ईसीजी. सुविधा असलेल्या रुग्णालयात आल्यापासून धमनी उघडेपर्यंत अमेरिकी सूचनांनुसार 90 मिनिटे, तर युरोपीय सूचनांनुसार निदानापासून 60. रुग्णवाहिकेतच ईसीजी काढून कॅथलॅबला आगाऊ कळवणे आणि रुग्णाला तातडीच्या कक्षात न थांबवता थेट टेबलावर नेणे, या साध्या बदलांनी वाचणारा वेळ नव्या उपकरणांपेक्षा मोलाचा ठरला आहे.

120 मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर जिथे आहे तिथेच गुठळी विरघळवणारे औषध देऊन रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवावे, असा नियम आहे. 2013 च्या 'स्ट्रीम' चाचणीत तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळू शकणाऱ्या रुग्णांत या मार्गाचे एकूण परिणाम तातडीच्या अँजिओप्लास्टीच्या तोडीचे निघाले, मेंदूतील रक्तस्राव मात्र थोडा जास्त होता. याला दुय्यम उपचार समजू नये. तीन तासांनी मिळणाऱ्या उत्तम कॅथलॅबपेक्षा आत्ता मिळणारे इंजेक्शन अनेकदा सरस असते.

लक्षणे सुरू होऊन बारा तासांच्या आत आलेल्यांसाठी हा उपचार निर्विवाद आहे. त्यानंतरही दुखणे चालू असेल, रक्तदाब खालावला असेल किंवा ठोके जीवघेणे बिघडले असतील तर तो करतात. पण झटक्याला काही दिवस उलटून गेलेल्या, स्थिर असलेल्या रुग्णांची बंद धमनी उघडून पाहिली तेव्हा, 2006 च्या 'ओएटी' चाचणीत, मृत्यू किंवा पुढचे झटके कमी झाले नाहीत. धमनी तशीच, स्टेंट तसाच. फक्त स्नायू आधीच गेलेला.

मर्यादा आणि धोके : गुठळी शोषून काढणारी नळी प्रत्येकात वापरावी, ही कल्पना तर्काला पटणारी होती. हजारो रुग्णांच्या चाचण्यांत तिचा सरसकट फायदा दिसला नाही, आणि 2015 च्या मोठ्या चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण किंचित वाढलेले आढळले, म्हणून आता ती निवडक रुग्णांपुरती उरली आहे. कधी मोठी धमनी मोकळी होते, पण पुढच्या सूक्ष्म केशवाहिन्या तुंबलेल्याच राहतात. चित्र चांगले, स्नायू मात्र उपाशी. यावर खात्रीचा इलाज अजून नाही. रक्तस्राव, डायमुळे मूत्रपिंडाला इजा, धमनीची भिंत चिरणे हे इतर धोके आहेत. ज्यांच्या हृदयाची पंप म्हणून ताकदच कोसळली आहे, अशांमध्ये धमनी वेळेत उघडूनही मृत्यूचे प्रमाण मोठे राहते.

दुसऱ्या धमन्यांतही अडथळे आढळले तर स्थिर रुग्णांत तेही पुढच्या काही आठवड्यांत सोडवावेत, असे 2019 च्या 'कम्प्लीट' चाचणीने सुचवले. सर्वसाधारणपणे रुग्ण तीन ते पाच दिवसांत घरी जातो. स्टेंटच्या धातूवर धमनीचे नवे अस्तर चढायला वेळ लागतो. तोवर त्यावर गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिनसोबत प्लेटलेट्सना रोखणारे टिकाग्रेलॉर, प्रासुग्रेल किंवा क्लोपिडोग्रेल सहसा वर्षभर देतात. दात काढायचा आहे किंवा आता बरे वाटते आहे म्हणून या गोळ्या स्वतःहून थांबवल्या, तर स्टेंट अचानक बंद पडून दुसरा, बहुधा पहिल्याहून गंभीर झटका येऊ शकतो.