एलईडी हेडलाईट: उजेड वाढतो, पण पडतो कुठे?

सोलापुरातून रात्री बार्शी किंवा अक्कलकोटच्या बाजूला निघाले की जुन्या गाडीचा हेडलाईट अपुरा वाटू लागतो. गाळप हंगामात तर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. मग एलईडी बल्बची जोडी आणली जाते, दहा-पंधरा मिनिटांत ती बसतेही आणि रस्ता पांढराशुभ्र दिसू लागतो. खरे काम इथून पुढे सुरू होते, आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत.

जुन्या मोटारींत सर्रास आढळतो तो एच-४ हॅलोजन बल्ब: १२ व्होल्ट, अप्परला (लांबच्या झोताला) ६० वॅट, डिप्परला (जवळच्या, खालच्या झोताला) ५५. आत दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या तारा असतात. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी बसवलेली असते. तिच्यामुळे रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पोचतच नाही. वरच्या अर्ध्यावर आदळून तो खाली रस्त्यावर उतरतो. म्हणून डिप्परच्या उजेडाला वरून स्पष्ट कड असते. आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे ही कड डाव्या बाजूला तिरकी वर चढते. नवरात्रात किंवा कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेले भाविक रस्त्याच्या कडेने लांबूनच दिसतात, ते या चढामुळे. उजवीकडे कड खालीच राहते, म्हणून समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

हे सगळे गणित जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटर लांबीच्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेले आहे. एलईडी बल्बमध्ये फिलामेंटच्या जागी एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप, म्हणजे उजेड देणारे बारीक तुकडे असतात. चिप एक-दोन मिलिमीटर पुढेमागे झाली किंवा पट्टी जाड असली, की उजेड रिफ्लेक्टरच्या नको त्या भागावर पडतो आणि कड विरघळते. तोच उजेड समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून खोक्यावरचे ल्युमेनचे (एकूण उजेडाच्या मापाचे) आकडे बाजूला ठेवावेत आणि तीन गोष्टी पाहाव्यात: पट्टी पातळ आहे का, हॅलोजन बल्ब शेजारी धरल्यावर चिप फिलामेंटच्या रेषेत येतात का, आणि डिप्परच्या चिपखाली वाटी आहे का. वाटीच नसेल तर तो बल्ब घेऊ नये.

विकत घेण्याआधी मल्टिमीटरची एक चाचणी मात्र करावीच. इंजिन चालू, डिप्पर चालू, बल्ब जोडलेला. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा, मग होल्डरच्या मागून डिप्परच्या आणि कॉमन (दोन्ही फिलामेंटना सामाईक) पिनवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायरिंग, स्विच किंवा अर्थिंग कमजोर आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या जवळपास साडेतीन घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्के घसरले की उजेड तीस टक्क्यांनी पडतो. अशा गाडीत दोन रिले (दिव्याला बॅटरीकडून थेट वीज जोडणारे स्विच), बॅटरीजवळ फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर जुना हॅलोजनच नव्यासारखा पेटतो. एलईडी बल्बमधले करंट सांभाळणारे सर्किट, म्हणजे त्याचा ‘ड्रायव्हर’, चिपला ठरावीक करंट देत राहतो, त्याला असल्या घसरणीचे फारसे काही वाटत नाही. एलईडी लावल्यावर ‘दुप्पट उजेड’ झाल्यासारखा वाटतो, त्यात पुष्कळदा जुन्या वायरिंगचाच हात असतो. पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काचही आधी साफ करावी: १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याबरोबर, मग पॉलिश, शेवटी अतिनील किरणांना अडवणारे कोटिंग. कोटिंग टाळले तर सोलापूरच्या उन्हात काच लवकरच पुन्हा पिवळी पडते.

आता उष्णतेचे. हॅलोजनची बरीचशी उष्णता उजेडाबरोबरच पुढे फेकली जाते. एलईडीची चिपमध्येच साठते आणि मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांतून, छोट्या फॅनने बाहेर काढावी लागते. चिप तापली की उजेड कमी होतो. चांगला ड्रायव्हर अशा वेळी करंट आपणहून घटवतो, स्वस्तातला जळून जातो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना बोनेटखाली आणखी गरम असते. त्यामुळे दुकानात पहिल्या मिनिटाला दिसलेल्या उजेडावर भाळू नये. अर्धा तास चालू ठेवून मग पाहावे. खोक्यावर ‘२०० वॅट’ छापलेल्या बल्बला अँपियर मीटर लावला आणि अडीच अँपियर दाखवले, तर तो सुमारे तीस वॅटचा आहे. आणि फॅनसाठी मागचे रबरी टोपण कापून ठेवू नये. त्या भोकातून धूळ आणि पावसाळी ओल आत जाते, रिफ्लेक्टरची चकाकी उतरते आणि मग हेडलाईटच बदलावा लागतो.

उजेडाचा रंग ४३०० ते ५००० केल्विनच्या आसपास असावा (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितकी छटा निळसर). धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळा आणि निळा उजेड त्यांच्यात जवळपास सारखाच विखुरतो. ‘पिवळा उजेड धुके भेदतो’ यात फारसे तथ्य नाही. पण ६५०० केल्विनचा निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्यांना जास्त टोचतो, हे खरे.

मोटारसायकलवाल्यांसाठी वेगळी सूचना. जुन्या कमी सीसीच्या अनेक गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर थेट चालतो. तिथे एलईडी सरळ लावला तर कमी आरपीएमला लुकलुकतो आणि लवकर जातो. आधी लाईन डीसी करून घ्यावी लागते. मोटारींतही काही ठिकाणी स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थच्या बाजूला असतो. तिथे दोन्ही पोलॅरिटी चालणारा, म्हणजे प्लस-मायनस उलटसुलट झाले तरी पेटणारा बल्ब लागतो. बल्ब लावल्यावर रेडिओ खरखरू लागला तर ड्रायव्हर हलक्या प्रतीचा आहे असे समजावे.

बसवताना चिप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला हव्यात, वाटी खाली. मग भिंतीची चाचणी. सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा, सीटवर चालवणारा बसलेला, भिंत बरोबर पाच मीटरवर. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर टेपने आखा. डिप्परची कड त्या रेषेच्या पाच ते साडेसात सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे एक ते दीड टक्का उतार. खालीवर करायचे तर हेडलाईटमागच्या स्क्रूने. बोनेटसमोरच उजेडाचा ढीग पडत असेल तर तो चांगला समजू नका. जवळच्या लख्ख उजेडाने बाहुली आकसते आणि लांबचा रस्ता अधिकच काळा दिसतो.

स्क्रू कितीही फिरवला तरी कड धूसरच राहते, असेही होते. मग बल्ब थोडा फिरवून बघावा, नाहीतर परत करावा. हेडलाईट खाली झुकवून वेळ मारून नेली तर लांबचे दिसायचेच बंद होते. कंपनीच्या एलईडी मॉडेलचा अख्खा हेडलाईट बसत असेल तर तो महाग असला तरी घ्यावा, कारण त्यातला रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारी रचना) एलईडीसाठीच घडवलेला असतो. हॅलोजनसाठी मंजूर झालेल्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब ही मंजुरीतली जोडी नव्हे, त्यामुळे तपासणीत हरकत निघू शकते. काढलेले हॅलोजन बल्ब कापडात गुंडाळून डिकीत ठेवावेत. आणि त्यांच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग राहिला तर ती जागा जास्त तापून बल्ब लवकर जातो.