वऱ्हाडातला अर्धा र

नागपुरात सीताबर्डीवरच्या एका डीटीपीच्या दुकानात परवा कापसावरच्या लेखांची प्रुफं बघत बसलो होतो. तीन-चार जणांनी आपापल्या घरी टाइप करून पाठवलेला मजकूर. ‘पऱ्हाटी’ (कापसाचं झाड) हा शब्द संगणकाला शोधायला सांगितला, तर एका लेखात प्रत्येक ठिकाणी सापडली आणि पुढच्या लेखात एकदाही नाही. ती तिथे होती, ढळढळीत दिसत होती. मग ‘शेतकऱ्यांना’ शोधून पाहिलं. तीच गत.

दोन्ही शब्दांत ऱ्ह, ऱ्य यांतला अर्धा र आहे, आणि मराठीला तो हवाच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. आचार्यांच्या पाया पडतात, आचाऱ्यांना पंगतीची भाजी सांगतात. हिंदीचं रफारावर, म्हणजे पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसणाऱ्या र वर, भागतं, आपलं भागत नाही. वऱ्हाड, तऱ्हा, गोऱ्हा हे शब्द रफाराने लिहूनच दाखवा!

गोंधळाचं मूळ जुनं आहे. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, कारण कागदावर ती डावीकडे येते. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टांनी हीच रीत चालवली. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते, म्हणून फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा व्हायचा. भारतीय लिप्या संगणकात साठवण्याच्या इस्की या भारतीय मानकाने वेगळी वाट धरली. १९९१ साली ते आयएस १३१९४ म्हणून पक्कं झालं. त्याचं तत्त्व असं की दिसतं तसं नव्हे, उच्चारतो त्या क्रमाने साठवायचं. ‘कि’मध्ये आधी क, मागून वेलांटी, तिला डावीकडे नेऊन बसवण्याचं काम पडद्यावर अक्षरं काढणाऱ्या प्रणालीचं. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडने, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक मानकाने, देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवरून घेतला आणि हा क्रमही घेतला. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी अक्षराच्या मागून येणारी चिन्हं. आधार नसला की त्यांच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, ते याचमुळे. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. शोध, अकारविल्हे, फॉन्ट बदलणं, सगळं त्याच्यावर उभं आहे.

अर्ध्या र पाशी मात्र पेच पडला. र चा पाय मोडून पुढे ह लिहिला की नियमाने रफार होतो. म्हणून इस्कीच्या रिवाजाप्रमाणे युनिकोडने ऱ या वेगळ्या अक्षराचा पाय मोडायला सांगितलं. हे अक्षर तक्त्यात द्राविडी भाषांमधला कठोर र लिहिण्यासाठी आहे. आपण वापरतो ते बहुतेक त्याचं अर्धं रूप. पण युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत दुसरीच रीत होती: साधा र, पायमोड आणि मागे झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडायला सांगणारं न दिसणारं चिन्ह. जुना मजकूर बिघडू नये म्हणून तीही चालू ठेवली. तिसरी रीत म्हणजे र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन मग पाय मोडायचा.

यातली नुक्त्याची रीत निरुपद्रवी आहे. र आणि नुक्ता मिळून ऱ च होतो असं युनिकोडनेच ठरवलंय, आणि नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपं एकसारखी करण्याची प्रक्रिया, केलं की दोन्ही एकरूप होतात. जॉइनरची रीत त्या चाळणीतून तशीच खाली येते. आमची पऱ्हाटी हरवली होती ती तिथे.

‘ॲ’चंही असंच. २००८ च्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी अ वर चंद्र देऊन भागवत असत. ते जोडरूप आणि हे नवं अक्षर युनिकोडच्या लेखी एक नाहीत, त्यामुळे जुन्या फायलीतली ‘ॲम्ब्युलन्स’ नव्या कीबोर्डवरून शोधली तर हाती लागेलच असं नाही.

दुकानातल्या मुलाने जॉइनरवाला र शोधून सगळीकडे ऱ घातला. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर तो शिफ्ट दाबून जे ला मिळतो. पुन्हा शोध दिला, आणि चारही लेखांतली पऱ्हाटी एकापाठोपाठ एक पिवळी होत गेली.