नामनिर्देशन विभागाकडून होते, पण सुरुवात विद्यार्थ्यानेच करायची असते

पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या गुणवत्ता शिष्यवृत्त्यांविषयी एक समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे : नामनिर्देशन, म्हणजे शिष्यवृत्तीसाठी नाव सुचवण्याचे काम, विद्यापीठातील त्या विषयाचा विभाग करतो, त्यामुळे ज्याचे गुण सर्वाधिक किंवा ज्याची प्राध्यापकांशी ओळख, त्याचे नाव आपोआप पुढे जाते. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी पात्र विद्यार्थी अर्जच करत नाहीत, ही त्यातली मोठी हानी आहे.

केंब्रिज विद्यापीठातील, २००० साली स्थापन झालेल्या गेट्स शिष्यवृत्तीचेच पाहा. तेथे विभाग उमेदवारांची क्रमवारी लावून नावे सुचवतो हे खरे. परंतु ज्यांनी प्रवेश अर्जातील निधीविषयक भाग मुदतीत भरला आहे आणि शिष्यवृत्तीसाठीचे निवेदन व स्वतंत्र शिफारसपत्र सादर केले आहे, त्यांचाच विचार होतो. विभागाने नाव सुचवले म्हणजे निवड झाली, असेही नाही. त्यानंतर छाननी आणि मुलाखत असते, आणि तेथे बौद्धिक क्षमतेबरोबरच नेतृत्वगुण व इतरांचे जीवन सुधारण्याची बांधिलकीही तपासली जाते. केवळ गुणपत्रिकेवर विसंबणारे येथेच मागे पडतात.

प्रत्येक योजनेची रीत मात्र वेगळी असते. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन शिष्यवृत्तीला वेगळा अर्ज लागत नाही. ठरलेल्या मुदतीत आलेला प्रवेश अर्जच विचारात घेतला जातो. ब्रिटनमध्ये शिकू इच्छिणाऱ्या अमेरिकी नागरिकांसाठीच्या मार्शल शिष्यवृत्तीला उमेदवाराच्या स्वतःच्या विद्यापीठाचे अनुमोदन आवश्यक असते, आणि म्हणून विद्यापीठाची अंतर्गत मुदत मुख्य मुदतीच्या बरीच आधी संपते. ती तारीख विभागात जाऊन स्वतः विचारावी आणि शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना पुरेसा अवधी द्यावा.